बेसबॉलचा ग्लोव्ह बेतताना: माप, गादी, वादी आणि नेहमी होणाऱ्या चुका

ग्लोव्ह घालूनही पोरांचा हात दुखतो अशी तक्रार आली की बहुतेक ठिकाणी एकच उपाय होतो. अस्तर उसवायचं, आत स्पंजचा जाड तुकडा कोंबायचा आणि परत शिवून टाकायचं. आठवडाभरात तक्रार पुन्हा येते, वर झेलही सुटायला लागतात. जाड गादीमुळे ग्लोव्ह नीट मिटत नाही. मिटत नाही म्हणून चेंडू अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या जाळीत न जाता तळव्यावर आदळतो. आणि तळव्यावर आदळला की आत कितीही कोंबलेलं असो, हाताला लागतंच.

हा लेख क्रीडाशिक्षक, प्रशिक्षक आणि त्यांच्यासाठी ग्लोव्ह शिवणारे किंवा दुरुस्त करणारे चर्मकार कारागीर यांच्यासाठी आहे. मीरत-जालंधरहून येणारा तयार माल ठरावीक मापांत येतो. त्यात डावखुऱ्या आणि लहान हाताच्या खेळाडूंची सगळ्यात जास्त आबाळ होते, म्हणून परभणी, हिंगोली, लातूरकडच्या शाळांना स्थानिक कारागिराकडून बेतून घेणं परवडतं. जुना ग्लोव्ह उघडून सुधारायचा असेल तर चौथा आणि पाचवा टप्पा वगळा, बाकी क्रम हाच ठेवा.

आधी हिशेब समजून घ्या

बेसबॉलचा चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा असतो. ताशी ७२ किलोमीटर वेगाने आलेला चेंडू एका सेंटीमीटरच्या अंतरात थांबला, तर हातावर सरासरी सुमारे ३०० किलो वजनाइतका जोर येतो. तोच चेंडू ५ सेंटीमीटरच्या अंतरात थांबला तर जोर ६० किलोच्या आसपास उतरतो. क्रिकेटमध्ये झेल घेताना आपण हात मागे ओढतो तो यासाठीच.

गादी तळव्यावर फार तर सेंटीमीटरभर दबते. उरलेलं अंतर जाळीचा झोल आणि पॉकेटची, म्हणजे चेंडू जिथे बसतो त्या खोलगट भागाची, खोली देतात. म्हणून चेंडू पॉकेटमध्ये जाईल अशी ग्लोव्हची ठेवण करणं हे पहिलं काम. गादी ही चुकलेल्या झेलापुरती राखण.

टप्पा १: हात मापा

पहिली चूक इथेच होते: कोणत्या हाताचा ग्लोव्ह? उजव्या हाताने फेकणारा डाव्या हातात ग्लोव्ह घालतो. ऑर्डर देताना “उजव्या हाताचा” असं मोघम लिहू नका. “डाव्या हातात घालायचा, खेळाडू उजव्याने फेकतो” असं पूर्ण वाक्य लिहा. कोणत्या हाताने लिहितो, हे विचारून ठरवू नका. लिहिणं एका हाताने आणि फेकणं दुसऱ्या हाताने, अशी मुलं असतात. चेंडू फेकायला लावून बघा.

माप सरावानंतर घ्या. उन्हात खेळल्यावर हात थोडा फुगतो, आणि सकाळी गार हाताचं घेतलेलं माप दुपारी आवळतं. शिवणकामाच्या टेपने ही मापं घ्यायची:

- अंगठा सोडून, चार बोटांच्या बुडाशी तळहाताचा घेर
- मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत लांबी
- प्रत्येक बोटाची लांबी आणि मधल्या पेराचा घेर
- अंगठ्याची लांबी, बुडाच्या सांध्यापासून
- मनगटाचा घेर

मग कागदावर हाताची रेघ काढा, पण हात ताठ पसरून नव्हे. बोटं सहज थोडी फाकलेली आणि तळवा किंचित खोलगट ठेवा. झेल घेताना हात असाच असतो. ताठ हाताच्या रेघेवर बेतलेल्या ग्लोव्हमध्ये अंगठा आणि तर्जनी यांमधला बेचका ताणला जातो आणि अर्ध्या तासात अंगठा भरून येतो.

बोटांच्या खोळीत आतून बोटाच्या घेरापेक्षा एक सेंटीमीटर जास्त जागा सोडा. त्याहून जास्त सोडली की बोट आत फिरतं आणि कातडं घासून फोड येतात.

खबरदारी: “दोन वर्षं पुरेल” म्हणून वाढत्या मुलाला मोठा ग्लोव्ह देऊ नका. वाढीची सोय मनगटाच्या पट्ट्यात करा, बोटांच्या खोळीत नको.

टप्पा २: खेळ आणि जागा ठरवा

बेसबॉलच्या चेंडूचा घेर ९ ते ९¼ इंच, सॉफ्टबॉलचा १२ इंच. बेसबॉलच्या ग्लोव्हमध्ये सॉफ्टबॉल बसत नाही, तो वरच्या वर अडकतो आणि बोटांच्या टोकांवर आपटतो. आपल्याकडे एकच संच दोन्ही संघांना वापरतात. तसं करणं भागच असेल तर पॉकेट सॉफ्टबॉलचं ठेवा.

ग्लोव्हचं माप म्हणजे तर्जनीच्या टोकापासून पॉकेटमधून खाली टाचेपर्यंत, म्हणजे मनगटाकडच्या कडेपर्यंतचं अंतर. टेप आतून, खोलगट भागाला टेकवून न्यायची. पाठीवरून मापलं तर माप चुकतं.

साधारण अंदाज असा. बेसबॉलमध्ये इनफिल्डला (बेसच्या आसपास उभ्या खेळाडूंना) ११¼ ते ११¾ इंच आणि आउटफिल्डला (त्यांच्या मागे, मैदानाच्या लांबच्या भागात) १२½ ते १२¾. सॉफ्टबॉलला १२ ते १३. १४ वर्षांखालच्या बहुतेक मुलांना बेसबॉलसाठी १० ते ११½ इंच पुरतं. बेसबॉलच्या नियमांप्रमाणे फिल्डरचा ग्लोव्ह १३ इंचांपेक्षा लांब आणि तळव्याशी ७¾ इंचांपेक्षा रुंद चालत नाही. पहिल्या बेसवरच्या खेळाडूच्या मिटला (बोटांच्या वेगळ्या खोळी नसलेल्या ग्लोव्हला) ही मर्यादा १३ आणि ८ इंचांची आहे. कॅचरचा (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याचा) मिट घेराने ३८ इंच आणि उंचीने १५½ इंचांपर्यंत असू शकतो. कॅचरला साधा ग्लोव्ह देऊन आत स्पंज भरणं ही जुगाडातली सगळ्यात वाईट गोष्ट. त्याला मिटच लागतो.

टप्पा ३: हाताला लागतं कुठे, हे खडूने शोधा

नवा ग्लोव्ह बेतण्याआधी खेळाडूला जुनाच घालायला द्या. चेंडूला फळ्याच्या खडूची भुकटी चोळा, हळू वेगाने १५-२० फेकी टाका आणि ग्लोव्हवरचे ठसे बघा.

मी ज्या कारागीर काकांबरोबर काम करतो, त्यांच्याकडे सॉफ्टबॉल खेळणारी एक मुलगी ग्लोव्ह घेऊन आली. “काका, इथंच लागायलंय,” म्हणत तिने तर्जनीच्या बुडाशी बोट ठेवलं. तिथे निळसर डाग होता. काका म्हणाले, “सर, एक थर टाकू का इथं?” आम्ही आधी खडू लावला. बहुतेक ठसे तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बुडावर, जाळीपासून दोन बोटं खाली उमटले होते. अस्तर उघडलं तर टाचेच्या बरोबर मध्यावर कुणीतरी आधीच स्पंज भरलेला, आणि त्याचा नुसता भुगा झालेला. तो भुगा ग्लोव्हला मिटू देत नव्हता. काकांनी तो काढला, टाचेची घडी मोकळी केली, वादी एका छिद्राने ढिली केली. पुन्हा फेकल्यावर ठसे वर सरकले, जाळीच्या तोंडाशी. एकही थर वाढवावा लागला नाही.

ठशांवरून दोष ओळखायचा तो असा. ठसे तळव्याच्या मध्यावर असतील तर ग्लोव्ह मिटत नाही किंवा पॉकेट उथळ आहे. तर्जनीच्या बुडावर असतील तर पॉकेट थोडं वर आणि अंगठ्याकडे सरकवायला हवं. करंगळीखालच्या गादीवर असतील तर ग्लोव्ह त्या हाताला मोठा आहे आणि खाली घसरतो आहे. ठसे विखुरलेले असतील तर दोष झेलण्याच्या सवयीत आहे. मग आधी सराव, ग्लोव्ह नंतर.

टप्पा ४: नमुना आणि बिजागरी

पुठ्ठ्यावर हे भाग कापून घ्या: पुढचा तळवा, पाठीचे तुकडे, अस्तराचा तळवा, अस्तराची पाठ, टाचेच्या दोन गाद्या, जाळी, मनगटाचा पट्टा. अस्तर हाताच्या मापाचं असतं आणि बाहेरचं कवच ग्लोव्हच्या मापाचं. ही दोन वेगळी मापं आहेत. एकाच नमुन्यावरून दोन्ही कापली की हात आत लोंबतो.

आता सगळ्यात महत्त्वाची रेघ. ग्लोव्ह जिथे मोडून मिटतो ती बिजागरी पुठ्ठ्यावरच आखा. दोन पद्धती आहेत. अंगठा करंगळीकडे मिटेल अशी ठेवली तर पॉकेट खोल होतं, ती आउटफिल्डला आणि लहान हातांना सोयीची. अंगठा मधल्या बोटाकडे किंवा अनामिकेकडे मिटेल अशी ठेवली तर पॉकेट उथळ राहतं आणि चेंडू पटकन काढता येतो, ती इनफिल्डला. शाळकरी मुलांसाठी मी पहिलीच निवडतो. लहान मुलांची दुसऱ्या पद्धतीने मिटण्याइतकी पकड नसते.

बिजागरीच्या रेघेवर गादी येता कामा नये. टाचेची गादी दोन तुकड्यांत कापायची, एक अंगठ्याखाली आणि एक करंगळीखाली. त्यांच्यामध्ये किमान एक सेंटीमीटर मोकळी फट ठेवायची.

आत अंगठ्यासाठी आणि करंगळीसाठी वादीचा एकेक फास ठेवा. मारलेला चेंडू अंगठ्याच्या टोकावर बसला की अंगठा मागे उलटतो आणि बुडाचा स्नायुबंध ताणतो. फास असला तर अंगठा कवचाबरोबर हलतो, एकटा मागे जात नाही.

तपासा: चामडं कापण्याआधी रेग्झीनचा किंवा जाड कॅनव्हासचा कच्चा ग्लोव्ह टाचून खेळाडूच्या हातात घाला. रिकाम्या हाताने तो मिटतो का? बोटं टोकाला टेकतात का? जो दोष इथे दिसतो तो चामड्यात दुरुस्त होत नाही.

टप्पा ५: चामडं निवडा आणि कापा

बाहेरच्या देशांत ग्लोव्ह गाई-बैलांच्या कातड्याचे असतात. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे इथल्या कारागिराला सहज मिळतं ते म्हशीचं. ते जाड आणि भरड असतं, पण टिकाऊ असतं. कवचासाठी २ ते २½ मिलिमीटरपर्यंत तासलेलं घ्या. त्याहून जाड घेतलं तर लहान मुलाला ग्लोव्ह मिटवता येत नाही. अस्तराला शेळीचं मऊ कातडं, एक मिलिमीटरच्या आसपास. आपल्या भागातल्या उस्मानाबादी शेळीचं कातडं या कामाला उत्तम. अस्तरात रेग्झीन नको. त्यातून घाम जिरत नाही, आणि एप्रिल-मेच्या उन्हात हात आत शिजतो.

तळव्याचा तुकडा पाठीच्या कण्याजवळच्या भागातून कापा. पोटाकडचं कातडं ताणतं, त्याचा तळवा महिन्याभरात सैल पडतो. पोटाकडचा भाग पट्ट्याच्या आतल्या बाजूला वापरा. बोटांची लांबी कातडं कमी ताणतं त्या दिशेला ठेवा. तुकडा दोन्ही बाजूंनी ओढून पाहिला की दिशा हाताला कळते.

तपासा: तुकडा दाणेदार बाजू वर ठेवून घट्ट दुमडा. घडीवर भेगा दिसल्या तर तो टाकून द्या.

टप्पा ६: गादी

स्पंज वापरू नका. मऊ लागतो म्हणून दुकानात आवडतो, पण चेंडूखाली तो पूर्ण चपटतो आणि हाताला काहीच उरत नाही. लोकरीचा नमदा सगळ्यात चांगला. तो मिळाला नाही तर चपलांच्या आतल्या तळव्यासाठी येणारं मऊ ईव्हीए शीट चालतं, ते कुठल्याही चपलांच्या मालाच्या दुकानात मिळतं.

पारख सोपी आहे. तुकडा टेबलावर ठेवून अंगठ्याने पूर्ण जोर द्या. टेबल अंगठ्याला लागलं तर तो माल नको.

जाडी सगळीकडे सारखी ठेवायची नाही:

- टाचेच्या दोन्ही कडांना ८ ते १० मिलिमीटर, आतल्या बाजूला उतरती
- तळव्याच्या मध्यावर ३ मिलिमीटर, त्याहून जास्त नाही
- तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बुडाशी चंद्रकोरीच्या आकाराचा ४ ते ५ मिलिमीटरचा वेगळा तुकडा
- अंगठ्याच्या आणि करंगळीच्या बाहेरच्या कडेला कडक पट्टी. ती हाताकडे नको, कवचाला लागून ठेवा

प्रत्येक तुकड्याच्या कडा रापीने (चामडं तासायच्या सुरीने) तिरप्या तासा. चौकोनी कड अस्तरातून बोचते, आणि ती बोच सहा डाव खेळल्यावरच कळते.

खबरदारी: गादीला सगळीकडे सोल्युशन फासू नका. एका कडेला दोन ठिपके पुरे. चिकटवलेली गादी कडक होते आणि पुढे बदलता येत नाही.

टप्पा ७: शिवण आणि उलटवणं

क्रम चुकला की सगळं उसवावं लागतं, म्हणून तो लिहून भिंतीला लावा. आधी पाठीचे तुकडे एकमेकांना जोडा. मग तळवा आणि पाठ उलट्या बाजूने शिवा. बोटांच्या शिवणीत चामड्याची बारीक पट्टी घाला, शिवण दबत नाही. त्यानंतर गुळगुळीत लाकडी दांड्याने एकेक बोट उलटवा. सुरुवात करंगळीपासून करायची, कारण ती अरुंद असते आणि चामडं मोकळं असतानाच उलटते. अस्तर वेगळं शिवून शेवटी आत घाला, आणि गादी त्यानंतर, टाचेच्या उघड्या तोंडातून.

दोरा मेण लावलेला नायलॉनचा. इंचाला सहा-सात टाके. दाट टाके घातले की चामडं छिद्रांच्या रेघेवर फाटतं.

अस्तराच्या शिवणीच्या कडा हातापासून लांब, कवचाकडे वळलेल्या हव्यात. शिवण झाल्यावर आत हात घालून बोटांच्या सांध्यांवर काही टोचतं का ते कारागिराने स्वतः पाहावं. खेळाडूला विचारलं तर नव्या ग्लोव्हच्या आनंदात तो “मस्त आहे” असंच म्हणतो.

पाठीवर तर्जनी बाहेर काढण्यासाठी जागा ठेवा आणि तिच्यावर गादीचं टोपण द्या. तर्जनी बाहेर ठेवली की तिच्यात आणि चेंडूत एक थर जास्त येतो. ज्यांची तर्जनी सारखी दुखते त्यांना याने लगेच फरक पडतो.

टप्पा ८: वादी ओवणं

वादी ५ मिलिमीटर रुंद आणि कण्याजवळच्या चामड्याचीच. टाच आधी, मग बोटांची टोकं, जाळी शेवटी. जाळी आधी ओवली तर बोटांचं अंतर तिच्या ताणाने ठरतं आणि पॉकेट वाकडं बसतं.

बोटांची टोकं एकमेकांना चिकटवू नका. टोकं आवळली की ग्लोव्ह बंद पंजासारखा राहतो आणि चेंडू टणकन बाहेर उडतो. टाचेची वादी पहिल्यांदा ढिलीच ठेवा. पंधरा दिवस खेळल्यावर चामडं बसतं, मग आवळायची.

गाठी सगळ्या बाहेर, पाठीच्या बाजूला. करंगळीच्या आतली गाठ ही मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक. ओवणं तिथेच संपतं, म्हणून गाठ तिथेच मारली जाते. वादी चार इंच जास्त ठेवा आणि बाहेर आणून बांधा.

तपासा: ग्लोव्ह पाठीवर ठेवून पॉकेटमध्ये चेंडू सोडा. तो जाळीखाली जाऊन थांबायला हवा. टाचेकडे घरंगळला तर टाचेची वादी जास्त आवळली आहे.

टप्पा ९: ग्लोव्ह वळवणं

नवा ग्लोव्ह कडक असतो आणि इथे लोकांचा धीर सुटतो. पाण्यात भिजवणं, तव्याजवळ शेकणं, पत्र्यावर उन्हात ठेवणं, खोबरेल ओतणं हे सगळं बंद करा. उष्णतेने चामड्यातलं तेल उडतं आणि ते तडकतं. जास्त तेलाने ग्लोव्ह जड होतो, गादी तेल पिऊन दबते.

चामड्याचं मलम बोटावर घेऊन फक्त बिजागरीच्या रेघेवर आणि जाळीच्या बुडाशी पातळ चोळा. लाकडी मोगरीने पॉकेटमध्ये, जिथे चेंडू बसायला हवा तिथेच ठोका. तळव्याच्या मध्यावर ठोकू नका, नाहीतर पॉकेट तिथे तयार होईल. मग आत चेंडू ठेवून, कापडी पट्टीने बांधून रात्रभर सावलीत ठेवा. रोज वीस मिनिटं हळू फेकी झेला. दोन-तीन आठवड्यांत ग्लोव्ह हाताखाली येतो.

टप्पा १०: मैदानावर सोपवण्याआधी

खडूची चाचणी पुन्हा करा, आधी हळू आणि मग नेहमीच्या वेगाने. नंतर हात बघा. तळवा थोडा लाल होणं ठीक. एकाच जागी गडद ठसा असेल तर गादीचा तुकडा सरकवा, जाडी वाढवू नका. गादी टाचेतून काढता येते, त्यामुळे हे काम दहा मिनिटांचं आहे.

खबरदारी: झेलानंतर बोट बधिर होत असेल, गार किंवा पांढुरकं पडत असेल, तर खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवा. वर्षानुवर्षं कॅचिंग करणाऱ्यांच्या ग्लोव्हच्या हातातल्या बोटांचा, विशेषतः तर्जनीचा, रक्तपुरवठा कमी होतो हे तपासण्यांत दिसलेलं आहे. अंगठा उलटल्यावर बुडाशी सूज आली आणि चिमटीत पकड राहिली नाही, तर मालिश करू नका, डॉक्टरांकडे न्या. ही दुखणी ग्लोव्ह सुधारून बरी होत नाहीत.

उन्हाळा, पावसाळा

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि शाळेचं क्रीडासाहित्य पत्र्याच्या खोलीत कोंडलेलं असतं. ग्लोव्ह निदान जमिनीलगत, कापडी पिशवीत, आत चेंडू घालून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत घाम अडकतो आणि पावसाळ्यात बुरशी धरते. धरलीच तर कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वारा द्या. सरावानंतर काळ्या मातीची धूळ वाद्यांच्या छिद्रांतून ब्रशने काढा. ती कण कण करून वादी कापते.

शालेय स्पर्धा पावसाळ्यातच सुरू होतात. जूनमध्ये शाळा उघडली की प्रत्येक ग्लोव्हची टाच उघडा, गादी अंगठ्याने दाबून बघा आणि दबलेली बदला. टाचेची आणि जाळीच्या बुडाची वादी बारीक झाली असेल तर तीही तेव्हाच बदलून घ्या.